विकसन करारात डिझाइनला वाली कोण?

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : सोसायट्यांच्या पुनर्विकास करारात डिझाइनच्या जबाबदाऱ्या स्पष्ट लिहिण्याबाबत

महोदय,

पुनर्विकासाची चर्चा निघाली की ती वाढीव क्षेत्र, कॉर्पस (विकासक देतो तो निधी), भाडे आणि बँक गॅरंटी यांभोवतीच फिरते. विकसन करारनाम्यातही टाइल्सचा आकार, नळांचा ब्रँड, ओट्याच्या ग्रॅनाइटची जाडी हे सगळे बारकाईने लिहिलेले सापडते. पण इमारतीचे डिझाइन कोण करणार, कोणत्या माहितीवर करणार, ते कोण तपासणार आणि चुकले तर कोण निस्तरणार, हे शोधायला गेले की बहुधा एकच वाक्य हाती लागते : 'विकासक स्वखर्चाने आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट व इतर सल्लागार नेमेल आणि बांधकाम संबंधित आयएस कोडनुसार करील.' (आरसीसी कन्सल्टंट म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचे गणित मांडणारा अभियंता; आयएस कोड म्हणजे भारतीय मानके.) या एका वाक्यावर पुढे पंधरा-वीस मजले चढतात.

सरकारी कामात निदान रेषा आखलेली असते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ किंवा बी-२ निविदेत ड्रॉइंग खाते देते आणि कंत्राटदार त्याबरहुकूम बांधतो. ड्रॉइंग चुकले तर ती खात्याची डोकेदुखी. ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि बांधकाम एकत्र) कंत्राटात डिझाइनही कंत्राटदाराच्या अंगावर येते. विकसन करार या दोन्हींत बसत नाही. जमीन सोसायटीची, पैसा विकासकाचा, सल्लागार विकासकाने नेमलेले, आणि पालिकेच्या नकाशावर मालकाच्या वतीने कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर सही करणाराही विकासकच. मालक असूनही सोसायटीचा डिझाइनशी संबंध येतो तो थेट गळती सुरू झाल्यावर.

कोणाचा करार कोणाशी आहे ते पाहा. आरसीसी कन्सल्टंटचा करार विकासकाशी, त्यामुळे सोसायटीने त्याला हिशेब मागितला तर तो सरळ विकासकाकडे बोट दाखवू शकतो. पीएमसीचा (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराचा) करार सोसायटीशी, पण त्यात लिहिलेले असते 'ड्रॉइंगचे अवलोकन'. अवलोकन म्हणजे पाने उलटणे की स्वतः गणित मांडून पाहणे, याचा खुलासा नसतो. बरेच पीएमसी वास्तुरचनेतले किंवा बिलांच्या तपासणीतले जाणकार असतात. स्ट्रक्चरल डिझाइन तपासणारा माणूस त्यांच्याकडे असेलच असे नाही. आणि विकासक म्हणतो, 'तुमच्या पीएमसीने पाहिले होते ना?' पीएमसीच्या शेऱ्यामुळे विकासकाची जबाबदारी तसूभरही कमी होणार नाही, हे वाक्य करारात नसेल तर या प्रश्नाला उत्तर देणे वकिलालाही जड जाते.

चुका बहुतेक वेळा एकट्या सल्लागाराच्या गणितात होत नाहीत, दोघांच्या हद्दीवर होतात. पोडियमचेच, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या मोकळ्या गच्चीचेच पाहा. आर्किटेक्ट पोडियमवर बाग दाखवतो. आरसीसी कन्सल्टंट त्यावेळी हाती असलेल्या नकाशावरून हिरवळीपुरता थोडा मातीचा भार धरतो आणि स्लॅब काढून देतो. सहा महिन्यांनी लँडस्केपवाला येतो आणि झाडांसाठी ६०० मिलिमीटर माती मागतो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १.८ ते २ टन, म्हणजे दर चौरस मीटरला १.१ ते १.२ टन भार. राहत्या खोलीसाठी कोडप्रमाणे धरायचा चलभार (माणसे आणि सामानाचा भार) चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो, त्यावरून फरक लक्षात यावा. त्यातच फायर एनओसीच्या वेळी अग्निशमन गाडीचा मार्ग त्याच पोडियमवरून किंवा तळघराच्या छतावरून वळवला जातो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार हा मार्ग ४५ टनांपर्यंतची गाडी पेलणारा हवा. इथे प्रत्येकाने आपापले काम बरोबर केलेले असते. मातीची जाडी आणि गाडीची वाट आरसीसी कन्सल्टंटला लेखी कळवायची कोणी, एवढेच ठरलेले नसते.

अशा हद्दीवरच्या प्रश्नाचे ढळढळीत उदाहरण अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. चौथरा जागेवर राहिला. अटक झालेल्या स्ट्रक्चरल सल्लागाराचे म्हणणे होते की आपले काम चौथऱ्यापुरते होते. त्या प्रकरणात दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण चौथरा एकाचा, पुतळा दुसऱ्याचा, तर दोन्ही मिळून वारा झेलतील याचा हिशेब नेमका कोणाच्या नावावर, हा प्रश्न काम सुरू होण्याआधीच कागदावर सुटायला हवा.

विकसन करारालाही म्हणूनच एक तक्ता परिशिष्ट म्हणून जोडावा. प्रत्येक कामासमोर पाच रकाने : माहिती कोण देणार, डिझाइन कोण करणार, कोण तपासणार, मान्यता कोण देणार, किती दिवसांत. एका रकान्यात एकच नाव. 'संबंधित सल्लागार' किंवा 'सर्व मिळून' असे लिहिले की तो रकाना रिकामाच समजावा. मान्यता म्हणजे काय हेही तिथेच लिहावे : ड्रॉइंग सोसायटीच्या गरजांशी जुळते एवढाच तिचा अर्थ, डिझाइन बरोबर असल्याची जबाबदारी ते करणाऱ्याचीच. साध्या इमारतीसाठीही असा तक्ता तीस-चाळीस ओळींचा होतो. बीम-कॉलमच्या ओळी भरायला सोप्या असतात. पोडियमवरची माती, गच्चीवरची टाकी, सौर पॅनल, लिफ्टच्या मशीनचे हूक, काचेच्या दर्शनी भिंतीचे ब्रॅकेट, जनरेटरखालची स्लॅब अशा ओळींवर माणसे अडतात. तिथे वेळ द्यावा. गच्चीवर ५० हजार लिटरची टाकी म्हणजे नुसते पाणीच ५० टन. ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवणे हे प्लंबिंग सल्लागाराच्या ड्रॉइंगवर केवळ एक चौकोन सरकवण्याइतके सोपे असते.

जमिनीच्या माहितीची ओळ सगळ्यात वर हवी. पुनर्विकासात एक अडचण हमखास येते : माती-परीक्षणाच्या वेळी जुनी इमारत उभी असते. बोअर (माती तपासण्यासाठी पाडायची खोल भोके) घेतले जातात ते कडेच्या मोकळ्या जागेत, आणि नवा पाया येणार असतो नेमका जुन्या इमारतीखाली. आयएस १८९२ सुमारे ०.४ हेक्टरच्या आटोपशीर भूखंडासाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच बोअर पुरेसे मानते, पण मधला बोअर घेणार कसा? तेथे रहिवासी राहत असतात. मग इमारत पाडल्यावर बुजवलेली विहीर, जुनी सेप्टिक टाकी किंवा भरावाचा पट्टा निघतो आणि फुटिंगच्या (कॉलमखालच्या सुट्या पायाच्या) जागी राफ्ट (सलग पाया) किंवा पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) घालावे लागतात. खर्च आणि मुदत दोन्ही वाढतात आणि वाद सुरू होतो. त्यामुळे करारात दोन टप्पे लिहावेत. पहिला अहवाल अंदाजापुरता. दुसरा इमारत पाडल्यानंतर प्रत्यक्ष पायाच्या जागेवर, आणि पायाचे अंतिम ड्रॉइंग दुसऱ्या अहवालाशिवाय निघणार नाही. दोन्हींतल्या फरकाचा भार विकासकाचा, हेही तिथेच. 'माती अहवाल केवळ माहितीसाठी' अशी ओळ विकासकाच्या मसुद्यात बऱ्याचदा सापडते. ती खोडायला लावावी.

त्यानंतर हवा डिझाइनच्या गृहीतकांचा अहवाल. दहा-बारा पानांचा हा कागद पहिल्या ड्रॉइंगच्या आधी तयार व्हावा आणि सोसायटीकडे जमा व्हावा. भूकंपविभाग कोणता धरला, वाऱ्याचा वेग किती, भार किती, पुढे मजले वाढवण्याची सोय ठेवली का, भिंती विटांच्या की हलक्या ब्लॉकच्या, आणि काँक्रीट कोणत्या हवामानात राहणार, हे त्यात येते. शेवटच्या मुद्द्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. आयएस ४५६ प्रमाणे किनाऱ्याच्या हवेत उघडे असणारे काँक्रीट 'तीव्र' वर्गात मोडते. त्याला किमान एम ३० दर्जा (हा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचे आवरण) लागते. 'मध्यम' वर्गाला एम २५ आणि ३० मिलिमीटर पुरते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या सर्वसाधारण सूचना मागच्या प्रकल्पातून जशाच्या तशा उचललेल्या असतात. तो प्रकल्प पुण्यात असेल आणि हा अलिबागच्या किनाऱ्यावर, तरी सूचना त्याच. दहा-पंधरा वर्षांनी सळई फुगून काँक्रीटची खपली निघते तेव्हा 'बांधकाम निकृष्ट' असे म्हटले जाते. बांधकाम ड्रॉइंगप्रमाणेच झालेले असते, चुकलेला असतो वर्ग.

आता पुरवठादारांनी केलेल्या डिझाइनविषयी. हा भाग वाढत चालला आहे आणि करारात त्याचा पत्ताही नसतो. पोस्ट-टेन्शन स्लॅब (काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या केबल ताणलेला स्लॅब) घ्या. केबल कुठून जाणार, किती ताण द्यायचा हे बहुधा ते काम घेणारी विशेष कंपनीच ठरवते. आरसीसी कन्सल्टंट तिच्याकडून कॉलमवर येणारे भार घेतो आणि खालचे डिझाइन करतो. मग स्लॅबची जबाबदारी कोणाची? कंपनी म्हणते, कन्सल्टंटने मान्यता दिली. कन्सल्टंट म्हणतो, मी फक्त भार घेतले. यावर उपाय एकच, मूळ आरसीसी कन्सल्टंट हा संपूर्ण इमारतीचा जबाबदार अभियंता असेल, पुरवठादाराचे डिझाइनही त्याच्या सहीने आणि त्याच्या जबाबदारीत येईल. त्याची फी त्याप्रमाणे द्यावी लागेल, हे ओघाने आलेच; चौरस फुटाला मोजक्या रुपयांत हे सारे हवे असेल तर ते मिळणार नाही. आणखी एक गोष्ट : अशा इमारतीत राहायला आल्यावर एसी किंवा झुंबर टांगण्यासाठी छताला भोक पाडताना केबल तुटू शकते. केबल कुठून जातात याचे ड्रॉइंग प्रत्येक सभासदाला ताबा देतानाच मिळाले पाहिजे, आणि ते देणे कोणाचे काम हेही तक्त्यात यावे.

स्लीव्हचे, म्हणजे पाइपसाठी काँक्रीटमध्ये सोडायच्या नळीचे, दुखणे जुने आणि घरोघरचे. संडास-बाथरूमच्या ११० मिलिमीटरच्या पाइपसाठी बीम-स्लॅबमध्ये आधीच स्लीव्ह सोडायची असते. प्लंबिंगचे ड्रॉइंग स्लॅब भरण्याआधी साइटवर आले नाही, तर स्लॅब भरला जातो आणि मग कोअर कटिंगची मशीन येते. ती सळई आणि रिंग (सळयांभोवतीचे कडे) दोन्ही कापत जाते. कापलेला बीम प्लास्टरखाली झाकला गेला की त्याचा पत्ता कोणालाच राहत नाही. अॅल्युमिनियम शटरिंगमध्ये तर हा प्रश्न आणखी आधी सोडवावा लागतो, कारण साचे कारखान्यात तयार होतात आणि सगळी भोके शेल प्लॅनमध्येच (साच्यांच्या नकाशातच) ठरलेली असावी लागतात. म्हणून क्रम लिहून घ्यावा : आर्किटेक्टचा नकाशा गोठला, मग आरसीसी आणि एमईपी (वीज, प्लंबिंग आदी यंत्रणा) यांचे एकत्रित स्लीव्ह ड्रॉइंग, त्यावर तिघांच्या सह्या, मगच 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन' शिक्का. त्यानंतर बीममध्ये एकही भोक आरसीसी कन्सल्टंटच्या लेखी स्केचशिवाय पडणार नाही. साइटवर ड्रॉइंगचे रजिस्टर हवे, कोणती आवृत्ती कधी आली आणि जुनी कधी परत घेतली यासह. आर-२ (दुसरी सुधारित आवृत्ती) आलेले असताना फिटरच्या हातात आर-० (मूळ आवृत्ती) असणे हे साइटवरचे रोजचे दृश्य आहे.

खोदकामाच्या तात्पुरत्या आधाराला तर कोणी डिझाइन मानतच नाही. दोन तळघरांसाठी सहा-सात मीटर खोल खड्डा घ्यायचा, बाजूला शेजारच्या सोसायटीची भिंत, आणि पावसाळा तोंडावर. खड्ड्याची कड उभी कापायची की उताराने, शोअर पाइल (खड्ड्याची कड धरणारे खांब) किती खोल, उपसलेल्या पाण्यामुळे शेजारच्या पायाखालची माती हलणार का, हे सगळे गणित आहे, आणि ते बऱ्याचदा पोकलेनवाल्याच्या अंदाजावर सोडलेले असते. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ रोजी सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. तात्पुरत्या कामांचे डिझाइन, शेजारच्या इमारतींची आधीची छायाचित्रांसह पाहणी आणि मजुरांच्या वस्तीची जागा या तीन ओळी तक्त्यात वेगळ्या हव्यात आणि त्यांसमोर माणसाचे नाव हवे.

काम अर्धे झाल्यावर एफएसआय (भूखंडावर अनुज्ञेय बांधकाम) किंवा टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकाम हक्क) वाढून मिळतो आणि मजले वाढतात. यात गैर काही नाही, पण पाया १४ मजल्यांचा आणि वर १८ मजले हे गणित नव्याने मांडूनच पुढे जायला हवे. भार वाढतो तसा भूकंपाच्या वेळचा हेलकावाही बदलतो. आयएस १८९३ प्रमाणे डिझाइनच्या भूकंपबलाखाली मजल्या-मजल्यातले सरकणे मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पटीच्या आत हवे, म्हणजे ३ मीटरच्या मजल्याला १२ मिलिमीटर. वाढीव मजल्यांनंतर हे आकडे पुन्हा काढले का, हे विचारायचा हक्क सोसायटीला करारानेच द्यावा. पुनर्गणना आणि तिची त्रयस्थ तपासणी हाती येईपर्यंत पुढचा स्लॅब भरता येणार नाही, असे कलम घालावे.

त्रयस्थ तपासणी म्हणजे सोसायटीने निवडलेल्या स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्वतःचे मॉडेल बांधून पायातले भार, शिअर वॉल (वारा-भूकंप झेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती), पार्किंगचा मोकळा मजला आणि सरकणे ताडून पाहणे. मूळ कन्सल्टंटचीच फाइल उघडून आकडे वाचणे म्हणजे तपासणी नव्हे. खर्च विकासकाने द्यावा, पण तो सोसायटीच्या खात्यात जमा करावा आणि इंजिनिअरला धनादेश सोसायटीने द्यावा. हा फरक कागदावर छोटा वाटतो. प्रत्यक्षात तपासणाऱ्याचा मालक कोण, ते यावरूनच ठरते.

साइटवरही थांबे ठरवावेत. पायाच्या सळया, प्रत्येक ट्रान्सफर बीम (वरचा कॉलम पेलणारा बीम), पहिला टिपिकल स्लॅब आणि टाकीखालचा स्लॅब हे कन्सल्टंटने स्वतः पाहिल्याशिवाय भरायचे नाहीत. तिथे काय पाहायचे तेही लिहिता येते : रिंगचे हूक १३५ अंशांत वळवलेले आणि पुढे सळईच्या व्यासाच्या सहापट, किमान ६५ मिलिमीटर आत गेलेले आहेत का, कॉलमचे लॅप (सळयांचे जोड) मधल्या अर्ध्या उंचीत आहेत का. ९० अंशांचे हूक बांधायला सोपे म्हणून सर्रास खपवले जातात. आणि क्यूबचा, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्याचा, प्रश्न : २८ दिवसांचा क्यूब नापास झाल्याचे कळेपर्यंत सात-दहा दिवसांच्या चक्राने वर आणखी तीन-चार स्लॅब चढलेले असतात. काम थांबवण्याचा अधिकार त्या क्षणी कोणाचा? पीएमसीचा असेल तर तसे लिहा, आणि थांबलेले दिवस मुदतवाढीत धरले जाणार नाहीत हेही लिहा, नाहीतर तो अधिकार कोणी वापरणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. आर्किटेक्टना १९७२ चा कायदा आहे, परिषद आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. पालिकेचा परवाना असतो, एवढेच. त्यामुळे पात्रता आणि अनुभवाची अट करारातच घालावी लागते. शिवाय सल्लागाराकडून कायदा साधारणपणे पेशातल्या जाणत्या माणसाइतकी काळजी आणि कौशल्य अपेक्षितो. तयार इमारत राहण्यास योग्यच असेल ही हमी त्याहून मोठी, आणि ती विकासकाकडून स्वतंत्रपणे लिहून घ्यावी, त्याने कोणताही सल्लागार नेमला असला तरी. सल्लागारांचा व्यावसायिक दायित्व विमा किती रकमेचा, आणि ताब्यानंतर किती वर्षे चालू ठेवायचा, हे विचारणाऱ्या सोसायट्या फारच थोड्या. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत संरचनात्मक दोष आढळला तर विकासकाने ३० दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. हे संरक्षण त्या कायद्यातल्या खरेदीदारांसाठी आहे. जुने सभासद त्यात येतात की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा तीच हमी, त्याच शब्दांत, विकसन करारात आणि पर्यायी घराच्या करारात घेऊन टाकावी.

विकासक मध्येच बदलावा लागला तर काय, याचाही विचार हवा. अर्धवट सांगाडा उभा आहे, कन्सल्टंटची फी थकलेली आहे, आणि तो ड्रॉइंग द्यायला तयार नाही, कारण त्याचे येणे विकासकाकडून आहे. ड्रॉइंगवर त्याचा कॉपीराइट असतो, त्यामुळे नुसती हिसकावून घेता येत नाहीत. नवा कन्सल्टंट दुसऱ्याच्या गणिताविना सांगाड्यावर सही करीत नाही. म्हणून प्रत्येक सल्लागाराच्या नेमणूकपत्रावर सोसायटीची त्रिपक्षीय सही असावी : थकबाकी चुकती करून सोसायटी त्याच अटींवर त्याची सेवा पुढे चालू ठेवू शकेल आणि ड्रॉइंग वापरू शकेल. प्रत्येक टप्प्याला बदलता येणाऱ्या स्वरूपातील ड्रॉइंग आणि विश्लेषणाच्या मूळ फाइली सोसायटीकडे जमा व्हाव्यात. पीडीएफवर समाधान मानू नये.

राज्य सरकारने सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाबाबत सुधारित निर्देश काढले. सल्लागार आणि विकासक कसे निवडायचे, सभा कशा घ्यायच्या यावर त्यांचा भर आहे. त्या निर्देशांना डिझाइन-जबाबदारीचा नमुना तक्ता आणि त्रिपक्षीय नेमणूकपत्राचा मसुदा जोडावा, ही सहकार खात्याला विनंती. ज्या सोसायट्यांचे करार होऊन गेले आहेत पण प्लिंथ (जोते) अजून झालेले नाही, त्यांना पुरवणी करारनाम्याने हे अजूनही घालून घेता येईल. पायाची ड्रॉइंग निघण्याआधी विकासक ऐकतो. नंतर त्याला घाई असते.

आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुणे